बेल वाजण्याआधी

माझ्या सासऱ्यांना विमानात बसायची भीती वाटते, हे आम्ही इथे न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये, कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगून तरी कुणाला पटलं असतं? मोरेश्वर खांबेटे या माणसाची उभी नोकरी विमानात गेली. जेट विमानं नवी नवी आली तेव्हा ते मुंबईत स्टुअर्ड म्हणून लागले, आणि निवृत्त झाले तेही विमानातूनच उतरून. अशा माणसाला विमानाची भीती वाटते म्हटलं तर लोक हसले असते. पण वाटते, आणि ती साधीसुधी नाही.

बाबा स्वतः असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "मी विमानात बसलोच नाही कधी. मी विमानात उभा होतो."

यात खोटं काही नाही. त्यांच्या तरुणपणच्या त्या विमानांत पुढच्या वर्गाला चक्क बैठकीची खोली असायची. समोरासमोर दोन सोफे, मध्ये बुटकं टेबल, भिंतीवर हत्ती-अंबारीची चित्रं, खिडक्यांना हातमागाच्या कापडाचे जाड पडदे. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या, पुरुष टाय लावून. चिनी मातीच्या ताटल्या, काचेचे पेले, आणि भाजलेलं मांस गाडीवर आणून पाहुण्यांच्या समोर कापून वाढायचं. मागच्या साध्या वर्गातसुद्धा पायावर पाय टाकून बसता यायचं. हे वर्णन मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की त्या पडद्यांची किनार कोणत्या रंगाची होती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मोरपंखी.

त्या खोलीत प्रत्येक खुर्चीपाशी एक बेल होती, आणि बाबांच्या तुकडीचा नियम असा, की ती वाजता कामा नये. पाहुण्याला बेल वाजवावी लागली म्हणजे आपलं लक्ष नव्हतं. वीसेक पाहुणे आणि त्यांच्याकडे बघायला तीन माणसं, मग लक्ष नसायचं कारण काय? म्हणून बाबा माणसांचे हात वाचायला शिकले. हात गळ्याशी गेला की पाणी, दंडावर गेला की शाल, घड्याळाशी चाळा करायला लागला की गप्पा. बेल वाजण्याआधी पोचायचं. ती खोड अजून गेलेली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चहाचं खातं बाबांकडे असतं आणि तिथे कुणी दुसरा कप मागितल्याचं मी पाहिलेलं नाही, तो आधीच हातात असतो. घरात माझ्या मनात चहा यायचा अवकाश, की कप समोर. ऐकायला छान वाटतं. पण ज्या घरात काही मागायची सोयच नाही त्या घरात सुनेनं भांडायचं तरी कशावरून? आणखी एक खोड म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेत कुणाचा हात-पाय आलेला त्यांना खपत नाही. आमचा आरव सोफ्यावर लोळत असला की "आत घे" ऐकू येतं, आणि तो पाय आत घेत "सॉरी आजोबा, ट्रॉली कमिंग?" असं विचारतो.

सासूबाई गेल्यावर चारुदत्तनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बाबांना इकडे आणायचं ठरवलं. त्या प्रवासात बाबा पहिल्यांदा इतका वेळ प्रवासी म्हणून बसले. मधली जागा मिळाली. पुढच्या माणसानं खुर्ची मागे टाकली ती त्यांच्या नाकाशी येऊन थांबली, आणि बाबांना श्वास घेता येईना. ते उठून उभे राहिले ते बसायलाच तयार होईनात. नंतर विमान हवेत हादरायला लागलं तेव्हा त्यांना धरून खाली बसवावं लागलं. ज्यानं आयुष्यभर लोकांना हसतमुखानं पट्टा बांधायला सांगितलं त्याला दोघांनी धरून पट्टा बांधला. ऑकलंडला उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की आता मी कुठे जायचा नाही. त्यानंतर ऑकलंडला जायचं झालं तरी ते दिवसभराची आगगाडी धरायचे. आम्ही लोकांना सांगायचो, बाबांना डोंगर बघायला आवडतात.

आणि गेल्या मार्चमध्ये पुण्याहून सुरुचीचा फोन आला.

सुरुची ही विमलआत्यांची मुलगी, आणि विमलआत्या या बाबांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यामुळे बाबांना त्यांनीच वाढवलं. आत्या घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यानं त्यांचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं आणि शुक्रवारी ऑपरेशन करायचं, असं डॉक्टर म्हणत होते. शुक्रवार टळला तर पडून पडून छातीत कफ होईल आणि मग ऑपरेशनला अर्थ राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. अडचण एकच होती. आत्या सही करायला तयार नव्हत्या.

सुरुचीनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. उशीवर चेहरा एवढासा दिसत होता. "मोरू आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही," आत्या म्हणाल्या. "आला की कापा हवं तेवढं."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ या दोघा भावंडांत सारखा वाटलेला आहे. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले, किटली भरली, आणि ती चालू करायची विसरून तिच्यासमोर उभे राहिले. मग तिथूनच म्हणाले, "ताईला सांग, मी निघालोय."

चारुदत्त जाऊ शकत नव्हता. आठवड्यापूर्वीच त्याच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला होता आणि तो विरेपर्यंत विमान वर्ज्य. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणजे बाबांना न्यायचं माझ्यावर आलं. मी बुधवारची तिकिटं शोधली. पुढच्या वर्गात एकही जागा नव्हती. मागे दोन मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या रांगांत.

निघायच्या आदल्या दिवशी मी गराजमध्ये जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन रांगांत मांडल्या, पुढची मागचीला अगदी टेकवून, आणि बाबांना म्हटलं, बसा, सवय करू. ते बसले. गुडघे पुढच्या खुर्चीला लागले. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिले. मी मजेत त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन गेले तर त्यांच्या कपाळावर घाम आलेला. ते उठले, खुर्च्या जागच्या जागी नेऊन लावल्या आणि म्हणाले, "जमेल." मला तेव्हाच कळलं की जमणार नाही. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी त्यांनी खिशात ठेवली, पण घेणार नाही हेही सांगून टाकलं. विमानात आपण गोळी घेत नाही, म्हणाले. अहो, तुम्ही आता ड्युटीवर नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

वेलिंग्टन ते ऑकलंड कसंबसं झालं. ऑकलंडला मोठ्या विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या त्या लांबट बोळात बाबा मध्येच थांबले. मागून लोक येत होते, बॅगांची चाकं खडखडत होती, आणि ते भिंतीला एक हात लावून उभे. मी पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. आत्यांचा असेल. एवढा हट्ट करायचं काय कारण होतं? मी म्हटलं, परत फिरू या का? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चालायला लागले. दारात उभ्या असलेल्या बाईनं "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून हसून स्वागत केलं. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मेरे असं नाव होतं. बाबांनी तिला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं, दाराच्या चौकटीला बोटं लावली आणि आत शिरले.

त्यांची जागा वाटेकडेची होती. माझी दोन रांगा मागे, पलीकडच्या बाजूला. बाबांच्या शेजारचा धिप्पाड माणूस जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून कधीच घोरायला लागला होता. त्याला उठवून जागा बदलून मागू म्हटलं तर बाबांनी मला डोळ्यांनीच दटावलं. पाहुण्याला उठवायचं नसतं. मी जागेवर बसले. तिथून मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि खुर्चीच्या दांडीवरचा उजवा हात. बस, एवढंच.

मग मी तो हात वाचत बसले. दुसरं काय करणार, त्यांनीच शिकवलेली विद्या. विमान उडताना हात दांडीवर पांढरा पडला होता. वर गेल्यावर सैल झाला. पुढच्या बाईनं खुर्ची मागे टाकली तेव्हा तो झटकन छातीशी गेला आणि परत आला. थोड्या वेळानं बाबा उठून मागच्या बाजूला, जिथे जेवणाच्या गाड्या ठेवतात तिथे, जाऊन उभे राहिले. मी गेले तर मेरे त्यांच्याशी बोलत होती. खूप लोक येऊन उभे राहतात, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काही हरकत नाही, असं काहीसं म्हणाली. बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला वाटलं, असेच उभ्या उभ्या सिंगापूरला पोचलो तर पोचलो.

पण तेवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला आणि विमान हादरायला लागलं. सगळ्यांना जागेवर धाडलं. बाबा गेले. दिवा विझायची काही चिन्हं दिसेनात. खिडकीबाहेर लख्ख ऊन, खाली ऑस्ट्रेलियाची लाल माती, आणि आत आम्ही खालीवर. बाबांचा हात दांडीवर घट्ट होता. मग हळूहळू त्याची पकड सुटली, डोकं एका बाजूला कललं. मी मोठा श्वास सोडला. लागला एकदाचा डोळा. घेतली असेल गोळी गुपचूप. मी समोरच्या पडद्यावर एक सिनेमा लावला आणि त्यात कोण कोणाचं कोण लागतं हे समजून घेण्याच्या नादात मान वर करायची विसरले.

हादरे थांबल्यावर जेवणाची गाडी निघाली. एक मुलगी ती ढकलत येत होती. बाबांच्या रांगेपाशी आली, झोपलेत असं बघून पुढे निघाली, आणि गाडीचा कोपरा कशाला तरी लागला म्हणून थांबली. बाबांचा हात दांडीवरून खाली, वाटेत, लोंबत होता. तिनं तो अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. हात परत घसरून वाटेत आला.

वाटेत हात. दुसऱ्या कुणाचा असता तर मी बघितलंही नसतं. पण हा माणूस झोपेतसुद्धा आपला हात वाटेत येऊ देणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी पट्टा सोडून धावले. बाबा झोपले नव्हते. डोळे अर्धवट उघडे होते, चेहरा राखेसारखा, ओठ सुकून पांढरे, शर्ट घामानं चिंब. मी हाक मारली तर नजर माझ्याकडे वळली पण ठरेना.

"बाबा, बेल का नाही वाजवली?"

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"वाजवायची नसते," ते म्हणाले.

मी त्यांच्या अंगावरून हात घालून बेल दाबली. पुन्हा दाबली. मेरे धावत आली. तिनं आणि दुसऱ्या एका माणसानं त्यांना उचलून मागे नेलं आणि गाड्यांच्या मधल्या जमिनीवर आडवं केलं, पायाखाली उशा, नाकावर प्राणवायू. प्रवाशांत डॉक्टर नव्हता, आमच्या जवळच्याच पोरिरुआच्या दवाखान्यातली एक नर्स होती, ती गुडघे टेकून नाडी बघायला लागली. नाडी भरभर चालत होती, रक्तदाब खूप खाली. तिनं मला विचारलं, यांनी पाणी कधी प्यायलं? मला माहीत नव्हतं. बाबांनीच मानेनं सांगितलं की सकाळपासून नाही. पाणी हवं तर मागावं लागणार होतं, आणि प्यायलं तर सारखं उठून गाड्यांची वाट अडवावी लागणार होती. म्हणून प्यायलेच नाहीत. घरी सबंध मंडळाला चहा पाजणारा माणूस ढगांवर तहानेनं कोरडा पडला.

मेरे फोनवर वैमानिकाशी बोलून आली आणि मला थोडं बाजूला घेतलं. हे नुसतं पाणी कमी पडल्यानं असेल तर ठीक, म्हणाली. पण हृदयाचं काही असेल तर आत्ताच ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला, उतरायला हवं, थोड्या वेळात निर्णय घ्यावा लागेल. तिनं बाबांना दोनदा विचारलं होतं, छातीत दुखतंय का? दोन्ही वेळा बाबा हसून "नो मॅडम" म्हणाले होते. मी घरची, मी त्यांना ओळखते, तर मला काय वाटतं?

मला काय वाटतं? मला वाटत होतं की छातीवर विमान कोसळलं तरी हा माणूस "नो मॅडम" म्हणेल. हे तिला सांगितलं तर आम्ही डार्विनला उतरणार, शुक्रवार जाणार, आणि तिकडे आत्या हट्टानं पडून राहणार. नाही सांगितलं आणि खरंच हृदय असलं, तर मी चारुदत्तला काय तोंड दाखवू? इकडे आड तिकडे विहीर. नर्स माझ्याकडे बघत होती, मेरे बघत होती, आणि बाबासुद्धा खालून बघत होते. "डार्विन" हा शब्द त्यांनी ऐकला होता.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. आयुष्यात कधी मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

"बाबा, आत्यांची शपथ आहे तुम्हाला. छातीत दुखतंय का?"

त्यांनी डोळे मिटले. नाकावरचा मुखवटा त्यांनी हातानं बाजूला केला. मला वाटलं, झालं, आता खरं सांगणार आणि आम्ही खाली उतरणार.

"छातीत नाही," बाबा म्हणाले. "मला भीती वाटते, ऋचा. खूप भीती वाटते." आणि मग मेरेकडे बघून तेच इंग्रजीत सांगितलं, तिला "मॅडम" म्हणूनच, आणि पुढे हेही, की आपण याच कामात आयुष्य घालवलं आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. मी माझ्या ओढणीनं ते पुसलं.

मेरे हसली नाही. तीही खाली बसली आणि त्यांचा हात हातात धरून, मग बेल का नाही दाबलीत, असं विचारलं. बाबांनी तिला आपल्या त्या जुन्या बैठकीच्या खोलीचा नियम सांगितला. बेल वाजली तर स्टुअर्डची चूक. तिला आपल्यामुळे खाली बघायला लागू नये म्हणून त्यांनी बोट लावलं नव्हतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे वीस माणसं होती," ती म्हणाली. "माझ्याकडे तीनशे आहेत. तुम्ही बेल दाबली नाहीत तर तुम्ही मला दिसतच नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. नर्सनं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, मग कपानं. रक्तदाब वर यायला लागला. तिनं मेरेकडे बघून होकारार्थी मान हलवली, मेरे फोनवर गेली, आणि आम्ही डार्विनवरून पुढे गेलो. बाबांना बराच वेळ तिथेच पडू दिलं. सबंध विमानात हातपाय पसरायला तेवढीच जागा होती. पुढे शेवटच्या रांगेत आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. मी दर थोड्या वेळानं बेल दाबून पाणी मागत होते आणि बाबा दर वेळी अवघडून खिडकीकडे तोंड फिरवत होते. स्वतः मात्र त्यांनी बेलला हात लावला नाही. सिंगापूरनंतरच्या विमानातही नाही.

मुंबईहून टॅक्सी करून आम्ही थेट पुण्याच्या हॉस्पिटलात गेलो. गुरुवारची दुपार होती. सुरुची बाहेरच भेटली, मामा म्हणून बाबांच्या गळ्यात पडली. आई अगदी शांत आहे, म्हणाली, कसली तक्रार नाही, सिस्टर म्हणतात असा पेशंट बघितला नाही.

आत्या खरंच शांत होत्या. भिंतीकडच्या खाटेवर सरळ पडलेल्या, वेणी घातलेली. बाबांना बघून त्यांनी एकच हात पुढे केला. बाबांनी स्टूल ओढलं आणि तो हात धरून बसले. थोड्या वेळानं आत्या म्हणाल्या, "सांग रे."

काय सांग, हे विचारावं लागलं नाही. लग्नानंतर आत्यांच्या सासरी विमानात बसणं म्हणजे चैन होती. भावाला मिळणारं फुकट तिकीटही त्यांना कधी घेऊ दिलं नाही. म्हणून बाबा प्रत्येक फेरीनंतर त्यांच्या घरी जायचे, दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचे, ताईला एकीवर बसवायचे आणि पांढरा रुमाल हातावर टाकून चहा द्यायचे. ताई ताठ बसायची, ठेवणीतली साडी नेसून. आत्यांनी आजवर जो काही विमानप्रवास केला तो एवढाच. आता बाबा सांगायला लागले. सोफे, बुटकं टेबल, अंबारीचे हत्ती, पडदे. "मोरपंखी किनार," आत्या डोळे मिटून म्हणाल्या.

मी आत्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. खोड लागली होती मला आता. पांघरुणाची कड त्यांनी मुठीत आवळली होती, इतकी की नखं पांढरी पडलेली. सांगता सांगता बाबांचंही लक्ष तिकडे गेलं. ते थांबले. मग त्यांनी वर बघितलं. खाटेच्या डोक्याशी, आत्यांच्या हाताला येणार नाही अशा खिळ्यावर बेलची वायर गुंडाळून ठेवलेली होती.

"ताई, दुखतंय का?"

"चालायचंच."

"किती?"

आत्यांनी डोळे उघडले. त्यांत पाणी होतं. "रविवारपासून जीव जातोय रे," त्या म्हणाल्या. "रात्री तर फार."

सुरुची म्हणाली, अगं मग सांगायचं नाही का, बेल होती ना. मीच ती वर ठेवायला सांगितली होती, आत्या म्हणाल्या, हाताखाली येऊन चुकून वाजायची. आणि भावाकडे बघून, त्यालाच साक्षीला काढत, म्हणाल्या, "वाजवायची नसते. माणसाला कमीपणा येतो. तूच शिकवलंस ना मोरू?"

बाबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते उभे राहिले, खिळ्यावरची वायर सोडवली आणि आयुष्यात पहिल्यांदा बेल वाजवली. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली, आणि अंगठा तसाच दाबून धरला, सिस्टर धावत येईपर्यंत. सिस्टर जरा चिडलीच. तिनं इंजेक्शन दिलं, म्हणाली, आजी, इतकं दुखत होतं तर आम्हाला कळणार कसं, या वॉर्डात आम्ही दोघीच.

"कळत नाही ताई," बाबा आत्यांना म्हणाले. "माझ्या वेळी वीस माणसं होती. आता आपण वाजवली नाही तर आपण कुणाला दिसत नाही." त्यांनी बेल आत्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्याभोवती मिटवली.

आत्यांनी संध्याकाळी सही केली. शुक्रवारी सकाळी त्यांना न्यायला आले तेव्हा त्यांनी ढकलगाडी दारात थांबवायला लावली.

"मोरू, तिथे आत बेल असते का रे?"

"नसते," बाबा म्हणाले. "लागत नाही. तिथे सहा माणसं आणि पाहुणी तू एकटी. सगळे तुझ्याकडेच बघत असतात."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाल्या आणि गाडी आत गेली.

बाहेर बाकावर मी बसले, सुरुची बसली. बाबा उभे राहिले. मी म्हटलं बसा, सुरुची म्हणाली मामा बसा, ते भिंतीला पाठ लावून उभेच. दुपारी डॉक्टर येऊन ऑपरेशन झालं म्हणून सांगून गेले, पण शुद्धीवर आल्याखेरीज काही बोलत नाही म्हणाले. वयाकडे बघता, हृदयाकडे बघता. मग आत्यांना खोलीत आणलं आणि आम्हाला बाहेरच थांबायला सांगितलं. आत्यांच्या हाताशी बेल ठेवून सिस्टर दार ओढून निघून गेली. आतून काही आवाज नव्हता. बाबांचा हात गळ्याशी गेला म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसतीच धरली. सुरुची रडायला लागली होती.

दाराच्या वरचा लाल दिवा लागला आणि बेल वाजली. एकदा थांबून पुन्हा वाजली, लांबलचक.

सुरुची ताडकन उठली. कोपऱ्यावरून सिस्टर चपला वाजवत आली आणि आत शिरली. बेल ऐकून ज्यांचे पाय आपोआप उचलले जायचे ते बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्या शेजारची जागा हातानं चाचपली आणि बसले. पाय पुढे पसरले, सबंध वाटेत, आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले.